घरी तेलुगू, पाटीवर तमिळ: कोइम्बतूरचे नायडू मुळात कुठले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या मुलीचं लग्न कोइम्बतूरच्या नायडू घरात ठरतंय. मुलाकडचे घरात तेलुगू बोलतात पण एकालाही तेलुगू वाचता येत नाही, मुलीची हैदराबादची मैत्रीण म्हणते हे कसलं तेलुगू, मला अर्धंच कळलं, आणि बोलणीच्या वेळी मुलाच्या आजीने सांगितलं की आमचे पूर्वज झाडावरून नदी ओलांडून इकडे आले. ताईंना विचारायचंय की हे लोक तमिळ की तेलुगू, मूळ कुठलं, आणि चंद्राबाबू नायडूंचे कोणी लागतात का.

ताई, शेवटचं आधी सांगून टाकतो. नातेवाईक म्हणून काही संबंध नाही. पण मुलाकडचे कम्मवार नायडू असतील (कोइम्बतूरला बरेचसे तेच असतात) तर पाचशे वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज कृष्णा-पेन्नार पट्ट्यात शेजारीपाजारी असायची शक्यता चांगलीच आहे, कारण आंध्रातले कम्मा आणि तमिळनाडूतले कम्मवार ही एकाच समाजाची दोन टोकं. मधली पाचशे वर्षं मात्र दोघांनी वेगळ्या राज्यांत, वेगळ्या पिकांत आणि वेगळ्या लिपीत काढली, आणि तुमच्या मुलीला संसार करायचाय तो या मधल्या पाचशे वर्षांशी.

माझं काम भाषांच्या फील्डवर्कचं, म्हणजे घरोघर जाऊन कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं ते टिपायचं. २२ वर्षांपूर्वी तंजावरला गेलो होतो ते तिथल्या मराठीसाठी. तंजावरचे मराठी लोक घरात आपली जुनी मराठी बोलतात आणि लिहायची वेळ आली की बरेच जण तमिळ अक्षरांत लिहितात, हे बघून मी चाट पडलो होतो. तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, अहो आम्ही मूठभर, खरी मोठी गंमत बघायची तर नायडूंकडे जा. गेलो, आणि अजून तिथेच अडकलोय.

पहिली गोष्ट म्हणजे नायडू ही जात नाही. हे मराठी माणसाला पटकन कळायला हवं कारण आपल्याकडे नाईक आहेच. सारस्वतांत नाईक, मराठ्यांत नाईक, रामोशांत नाईक, बंजाऱ्यांत नाईक, आता नुसत्या नाईक आडनावावरून तुम्ही काय सांगणार? तसंच हे. नायक या शब्दाचं तेलुगूत नायकुडु, नायुडु झालं, त्याचं नायडू, आणि तमिळमध्ये त्याच शब्दाचं नायक्कर. रेड्डीला तमिळ आदरार्थी ‘आर’ लावला की रेड्डियार, तसाच चेट्टीचा चेट्टियार. वर आणखी घोळ असा की उत्तर तमिळनाडूतले वन्नियार, जे पक्के तमिळ, तेही पूर्वी नायकर लावायचे. म्हणजे आडनावावरून भाषासुद्धा ठरत नाही.

या एका नायडू-नायक्कर छत्रीखाली कम्मवार येतात, ते मूळचे शेतकरी. बलिजा येतात, ज्यांना तमिळमध्ये कवरै म्हणतात, हे व्यापारी आणि सैनिक दोन्ही, त्यांच्यातल्या एका शाखेचं नाव गाजुल बलिजा, गाजुलु म्हणजे बांगड्या. राजकंबळम उर्फ तोट्टियन नायक्कर येतात, ते जनावरं पाळणारे आणि लढवय्ये. सरकारी यादीत बघितलं तर आणखी मजा: तमिळनाडूच्या मागास यादीत गवरा, वडुगर आहेत पण कंसात स्पष्ट लिहिलंय की कम्मा, कापू, बलिजा, रेड्डी सोडून, आणि तोट्टिय नायक्कर वेगळ्या, अतिमागास यादीत. एकाच गल्लीत तीन नायडू घरं आणि तिघांचे जातीचे दाखले वेगवेगळे, असं मी स्वतः बघितलंय. म्हणून ‘नायडू कुठून आले’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठले नायडू?

आणि तेलुगू बोलणारे फक्त नायडू असंही नाही. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूत मातृभाषा तेलुगू लिहिलेले सुमारे ४२ लाख लोक होते, राज्याच्या जवळपास ६ टक्के, आणि घरी तेलुगू बोलून जनगणनेत तमिळ सांगणारे वेगळेच. यात राजपालयमचे राजू आहेत (हो, तो पांढरा राजपालयम कुत्रा त्याच गावचा, आणि १९४९ ते ५२ मद्रासचे प्रीमियर आणि मग मुख्यमंत्री असलेले कुमारस्वामी राजाही तिथलेच), विणकर देवांग आहेत, कोमटी आहेत, विहिरी खणणारे ओड्डर आहेत. ओड्डर म्हणजे आपले वडार हो. आपल्याकडचे वडार घरी जी बोलतात तीही तेलुगूचीच बहीण. आणि चामड्याचं काम करणारे अरुंधतियार आहेत, ज्यांच्याबद्दल पुढे सांगतो कारण त्यांना वगळून ही गोष्ट सांगणं म्हणजे निव्वळ पाटीलकी.

आता कधी आले. एकदम कोणी आलं नाही, थर आहेत. संगम काळच्या तमिळ कवितांमध्येच वेंकट डोंगराच्या, म्हणजे आजच्या तिरुपतीच्या पलीकडच्या लोकांना वडुगर म्हटलंय, वडक्कु म्हणजे उत्तर, थोडक्यात उत्तरेकडचे. तिरुत्तणी, कृष्णगिरी, होसूर या पट्ट्यातले तेलुगू लोक तर कुठून आलेलेच नाहीत, ते होते तिथेच आहेत, सीमारेषा त्यांच्या अंगावरून गेली. (या सीमेच्या वाटाघाटीत मध्यस्थ कोण होते माहितीये? आपले हरि विनायक पाटसकर. त्यांच्या निवाड्यानुसार १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणी मद्रास राज्यात आलं. आपण बेळगाव-बेळगाव करत बसलो आणि आपल्याच माणसाने तिकडचा वाद मिटवून टाकला.)

मोठा लोंढा आला तो विजयनगरच्या मागे. चौदाव्या शतकात, १३७० च्या आसपास, विजयनगरचा राजपुत्र कुमार कंपण मदुरैच्या सुलतानावर चालून गेला, त्यानंतर दक्षिणेत तेलुगू आणि कन्नड सरदारांची ये-जा सुरू झाली. मग १५२९ च्या सुमारास विश्वनाथ नायक मदुरैला बसला. परंपरागत हकीकत अशी की त्याचा बाप नागम नायक मदुरै बळकावून बसला होता, विजयनगरच्या राजाने विचारलं कोण याला पकडून आणेल तर पोरगाच उठला, बापाला बांधून आणलं आणि बक्षीस म्हणून मदुरै मिळवलं. खरं खोटं बाजूला ठेवा पण विश्वनाथ आणि त्याचा मंत्री अरियनाथ मुदलियार यांनी मुलूख ७२ पाळयममध्ये, म्हणजे जहागिऱ्यांमध्ये, वाटला असं सांगतात, एकेका पाळयमवर एक पाळेगार, आणि त्यातले बरेचसे तेलुगू. पांचालंकुरिचीचा वीरपांडिय कट्टबोम्मन, ज्याला इंग्रजांनी १६ ऑक्टोबर १७९९ ला कयत्तारला फासावर दिलं, तो याच राजकंबळम नायक्करांतला. सिनेमात तो कडकडीत तमिळ बोलतो. घरातली भाषा मात्र तेलुगू होती, आणि कुलदेवी जक्कम्मा. आजही तिकडे पहाटे कुडुकुडुप्पै वाजवत भविष्य सांगणारा येतो तो जक्कम्माच्याच नावाने बोलतो, आपल्या कुडमुड्या जोशाचा सख्खा भाऊ वाटतो तो मला.

पण ताई, सरदार आणि किल्ले हे वरवरचं. माझं मत विचाराल तर खरं कारण जमीन. तमिळ शेतकरी पहिल्यापासून नदीकाठी, कावेरी, वैगै, ताम्रपर्णी, भात पिकवणारा. मधला जो कोरडा काळ्या मातीचा भाग, कोविलपट्टी, सात्तूर, इकडे कोइम्बतूर, त्याला करिसल म्हणतात, तिथे वस्ती विरळ. आणि काळी माती कशी हाताळायची हे या आंध्रातून येणाऱ्यांना उपजत माहीत. आपण शाळेत भूगोलात रेगूर मृदा रेगूर मृदा पाठ करायचो ना, तो रेगूर शब्दच तेलुगूतून आलाय. पावसात चिकटणारी, उन्हात भेगाळणारी, कापसाला उत्तम. म्हणजे ज्या जमिनीकडे स्थानिक लोक फारसे वळत नव्हते तिथे हे बसले, विहिरी खणल्या आणि कापूस लावला.

विहिरी म्हटलं की इथे अरुंधतियार आले. कोइम्बतूरकडची विहीर खडकात फोडलेली, खोल, पाणी काढायला कवलै, म्हणजे आपली चामड्याची मोट. मोट शिवायची, फाटली की दुरुस्त करायची, तेल पाजायचं, ओढायलाही राबायचं, हे सगळं तेलुगू बोलणाऱ्या या समाजाने केलं. खणली ओड्डरांनी, ओलित झालं मोटेच्या जोरावर आणि सातबारा नायडूचा (सातबारा आपला शब्द, पण अर्थ कळला). आता जातीच्या इतिहासाच्या पुस्तिका घरोघर असतात, गुळगुळीत कागदावर छापलेल्या, प्रत्येकीत आम्ही कृष्णदेवरायाचे वंशज, आणि त्या राजाचं घराणं तर तुळुव, म्हणजे तुळू मुलखातलं, म्हणवतं, पण प्रत्येक संघटनेला तो आपलाच वाटतो. त्या पुस्तिकेत मोटेचं चित्र मी एकदाही बघितलं नाही. अरुंधतियारांना २००९ साली तमिळनाडूने अनुसूचित जातींच्या १८ टक्क्यांत वेगळे ३ टक्के दिले, इतके ते मागे राहिले होते, भाषा मालकाचीच असून.

याच कापसातून पुढे कोइम्बतूरच्या गिरण्या आल्या. १९३० च्या दशकात नीलगिरीतल्या पायकाराची वीज आली आणि गिरण्यांची रांग लागली, त्यात नायडू मालक कितीतरी. जी. डी. नायडू यांचं नाव ऐकलं असेल, १८९३ चा जन्म, शाळा फार शिकले नाहीत आणि मोटारींपासून इलेक्ट्रिक मोटरपर्यंत काय काय बनवलं. आज घरोघरी जो कोइम्बतूरचा पंप किंवा वेट ग्राइंडर असतो त्याची मुळं मला तरी त्या मोटेत दिसतात, पाणी उपसायची कटकट ज्याच्या डोक्याला पिढ्यान्‌पिढ्या, तोच पंप बनवणार.

आता आजींची झाडाची गोष्ट. ती मी किती घरांत ऐकली मोजदाद नाही. तपशील बदलतात पण सांगाडा हाच: उत्तरेत एका मुसलमान राजाने घरातली मुलगी मागितली, द्यायची नव्हती, रातोरात गाशा गुंडाळला, मागून घोडेस्वार, पुढे नदी दुथडी, आणि मग दोन काठांवरची दोन झाडं वाकली, एकमेकांना भिडली, पूल झाला, सगळे पार झाले, झाडं परत सरळ. तोट्टियनांची अशीच कथा एडगर थर्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९०९ मध्ये छापलीये, त्यात झाड पुंगम, म्हणजे आपलं करंज, आणि लग्नमांडवात करंजाच्या डहाळ्या लावायच्या त्या त्याचसाठी. कोविलपट्टीजवळच्या इडैसेवलचे थोर लेखक कि. राजनारायणन, १९९१ चा साहित्य अकादमी मिळालेले, तेही याच घरांतले, तमिळमध्ये लिहिणारे आणि घरचं तेलुगू. पळून येण्याच्या या आठवणी त्यांनी साहित्यात आणल्या.

ही कथा इतिहास म्हणून घेऊ नका, पण थाप म्हणून सोडूनही देऊ नका. अशी मुलगी मागितल्याची आणि पळून आल्याची कथा दक्षिणेत किती जाती सांगतात! माझा अंदाज असा की ‘आम्ही चांगल्या जमिनीच्या शोधात आलो’ हे वाक्य सांगायला कुणाला आवडत नाही, पोटासाठी आलो म्हटलं की उपरे ठरतो, अब्रूसाठी आलो म्हटलं की ताठ मान. कोकणातून मुंबईला गेलेली आपली माणसं तरी कुठे सरळ सांगतात.

मैत्रिणीला भाषा का कळली नाही, त्याचं उत्तर माझ्याच फजितीत आहे. मी पुस्तकी तेलुगू शिकून गेलो होतो, छान व्याकरणशुद्ध. करिसल गावात एका सत्तरीच्या आज्जींच्या ओसरीवर बसलो आणि पाच मिनिटं तेलुगूत प्रस्तावना केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये सुनेला म्हणाल्या, अगं हा बातम्यांसारखं बोलतोय, कुठल्या ऑफिसातून आलाय विचार. दोन दिवसांनी कळलं. हैदराबादच्या तेलुगूत उर्दू-फारसी मिसळलेलं, खुर्चीला कुर्ची म्हणतात, छापील तेलुगूत संस्कृत भरलेलं. मी ज्या घरांत बसलो तिथे हे दोन्ही नाही, खुर्ची आली तेव्हा तिच्याबरोबर तमिळ शब्द नार्कालीच आला. वडिलांना हैदराबादकडे नान्ना, इथे नैना, नायनावरून आलेलं, आणि हा नैना इतका पसरला की मद्रासच्या रस्त्यावरची तमिळ पोरंही बापाला नैना म्हणतात. म्हणजे शेती, स्वयंपाक, नाती, शिव्या, यांचं तेलुगू जुनं आणि पक्कं, आणि शाळा, कोर्ट, बँक, दवाखाना यांचे शब्द तमिळ.

त्याच आज्जींनी एकदा सुनेला वाण्याची यादी लिहायला लावली, त्या तेलुगूत सांगतायत, सून तमिळ अक्षरांत लिहितेय. तमिळ लिपीत प आणि ब ला एकच अक्षर, क-ग ला एक, त-द ला एक. तर बिय्यम म्हणजे तांदूळ, ते कागदावर पिय्यम. बेल्लम म्हणजे गूळ, ते पेल्लम. आणि तेलुगूत पेळ्ळाम म्हणजे बायको! मी ते मोठ्याने वाचलं, पेल्लम दोन किलो, आणि आज्जी पदर तोंडाला लावून जे हसल्या, त्या दिवसापासून माझं काम सोपं झालं. ती यादी अजून माझ्याकडे आहे. या लोकांची भाषा कुठे आहे विचाराल तर मी तो कागद दाखवेन, कारण वाणी तमिळ होता आणि त्याने सगळं सामान बरोबर दिलं.

तर मग इतकी वर्षं तमिळमध्ये शिकून, तमिळमध्ये लिहून हे वेगळे राहिले कसे? भाषेमुळे नाही, लग्नामुळे. तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचं अक्षर पुढे लागतं, पण नायडू घरात एक न लिहिलेलं नाव असतं, इंटि पेरु, म्हणजे घराचं नाव. आधार कार्डावर नसतं, शाळेच्या दाखल्यावर नसतं, पण सोयरीक निघाली की पहिला प्रश्न तोच. एकाच इंटि पेरुत लग्न नाही, भाऊबंदकीच ती. आणि ही नावं बरेचदा गावांची, शेवटी पल्ली किंवा पाडू, आणि ती गावं आंध्रात. ज्या माणसाने आंध्र कधी बघितलं नाही, ज्याच्या पणज्याने बघितलं नाही, तो कुठल्यातरी गावाचं नाव पोटात घेऊन फिरतो. माझ्या धंद्यात मूळ शोधायला याहून चांगला धागा नाही, वंशावळीच्या पुस्तिकांपेक्षा शंभरपट.

आपल्याकडे उलटं उदाहरण सोलापूरला बघा. पूर्व भागातले पद्मशाली, तेलंगणातून आलेले विणकर, चादरी त्यांच्याच हातच्या, घरी तेलुगू, शाळा मराठी, मार्कंडेयाची रथयात्रा दणक्यात. त्यांना तुम्ही विचाराल का मराठी की तेलुगू? विचारलंत तर म्हणतील, सोलापूरकर.

तमिळनाडूत मात्र हा प्रश्न अधूनमधून टोचून विचारला जातो. मजा अशी की ज्यांना उपरे म्हणायचं त्यांच्याशिवाय तिथला इतिहास उभा राहत नाही. चेन्नई हे नाव बहुतेकांच्या मते दामर्ल चेन्नप्प नायकावरून, त्याच्या मुलाने १६३९ ला इंग्रजांना किल्ल्यासाठी जागा दिली. चेन्नईतलं टी. नगर ज्यांच्या नावाने ते पिट्टी त्यागराय चेट्टी तेलुगू देवांग. कर्नाटक संगीतातले संत त्यागराज, त्यांची बहुतेक कीर्तनं तेलुगूत आणि त्यांची समाधी कावेरीकाठी तिरुवैयारला. आपल्या तंजावरच्या भोसल्यांनी नायकांनंतर गादी घेतली तरी दरबारात तेलुगू चालूच ठेवली, शहाजीराजांनी (व्यंकोजींचे पुत्र, शिवरायांचे पुतणे) स्वतः तेलुगूत नाटकं रचली. द्राविड चळवळीने ‘तमिळ’ऐवजी ‘द्राविड’ शब्द धरला त्याचा एक फायदा असा झाला की तेलुगू-कन्नड घरांतल्यांनाही आत जागा मिळाली, खुद्द चळवळीचे नेते पेरियार यांचं घर कन्नड बोलणारं. १९५३ ला आंध्र वेगळं झालं तेव्हा ‘मद्रास मनदे’, मद्रास आमचंच, अशा घोषणा झाल्या, पण कोइम्बतूर-कोविलपट्टीच्या नायडूंना त्या राज्यात जायचंच नव्हतं, त्यांची जमीन इथे, विहीर इथे. २००६ च्या कायद्याने शाळांत तमिळ सक्तीची झाली, अल्पभाषिक कोर्टात गेले, सवलतीही मिळाल्या, तरी खेड्यातल्या तेलुगू शाळांत पोरं कमीच. मुलाकडच्यांना तेलुगू वाचता येत नाही ते शाळा तमिळमध्ये झाली म्हणून, आळसामुळे नाही. तो मुलगा उत्तम तमिळ लिहीत असेल, आणि त्याच्यासाठी त्यात काही विसंगती नाही.

तेव्हा ताई, साखरपुड्याला गेलात की ‘तुम्ही तेलुगू की तमिळ’ हे विचारू नका, त्या प्रश्नाला तिकडे वेगळा वास आहे. इंटि पेरु विचारा, कुलदैवताचं देऊळ कुठल्या गावी ते विचारा, तिथे वर्षाला एकदा सगळं खानदान जमतं आणि तुमच्या मुलीला पहिल्या वर्षीच नेतील. मुलीला पुस्तकातून तेलुगू शिकवायचा क्लास लावू नका, माझ्यासारखं होईल. सासऱ्यांना नैना म्हणायचं का मामा, हे सासूलाच विचारू दे. आणि आजींना माझ्यातर्फे विचाराल का, नदीवर वाकलेलं झाड कुठलं होतं? करंज म्हणाल्या तर मला जरूर कळवा, कारण करंजाची गोष्ट मी तोट्टियनांकडे जास्त ऐकलीये, आणि मग ते कम्मवार आहेत हा माझा अंदाजच चुकला असेल.